उत्तरेचा सूर्य

एलिफास गारीसेब यांना नोकरीवरून काढून टाकलं. पण तसं काही झालेलंच नाही, असं कार्यालयाने मला लेखी कळवलं आहे. ते 'स्वेच्छेने, प्रकृतीच्या कारणास्तव' गेले. तेव्हा काही झालंच नाही असं धरून पुढचं सांगते.

तर काहीही न झालेल्या त्या जूनच्या मंगळवारी, सकाळी नऊ वाजता, ताते एलिफास (इकडे वडीलधाऱ्यांना 'ताते' म्हणतात) दुर्बिणीच्या आरशांच्या तबकाखाली उभे राहून डॉ. टिलमानना सूर्य कुठे असतो ते समजावत होते.

"डॉक्टर, उत्तरेकडे तोंड नको. बारा वाजता तो तिथंच येतो."

"कोण येतो?"

"सूर्य."

डॉक्टर हसले. युरोपातून विषुववृत्ताच्या खाली, इकडे दक्षिणेत येऊन त्यांना आठ दिवस झाले होते आणि या महिन्याच्या पाळीचे ते प्रमुख होते. "एलिफास, सूर्य पूर्वेला उगवतो, दक्षिणेकडून जातो आणि पश्चिमेला मावळतो. आमच्याकडे तिसरीत शिकवतात हे."

"तुमच्याकडे जात असेल तसा. इकडे उत्तरेकडून जातो."

"मी एकवीस वर्षं खगोलशास्त्र करतोय."

"हो ना. पण रात्रीचं."

मी बादली धरून उभी होते, म्हणून हसता आलं नाही. खरं तर मी इथली कारकून. पत्रं टाइप करणं आणि सभेचं इतिवृत्त लिहिणं हे माझं काम. पण आरसे धुण्याच्या दिवशी सगळ्यांच्या हातात ब्रश येतो. तीनशे सत्तर आरसे, आणि ते एकोणीस वर्षं धुणारे ताते एलिफास. कुठल्या आरशावर माकडांनी खडा मारला होता आणि कुठला जन्मापासूनच मंद आहे, हे त्यांना तोंडपाठ.

डॉक्टरांना आरसे वाळत असतानाच त्यांची ठेवण तपासायची होती. त्यासाठी तबक अर्धं वर उचलून 'सावलीच्या दिशेला' फिरवून ठेवायचं होतं. सावलीची दिशा म्हणून त्यांनी वहीत 'उत्तर' असं लिहिलं आणि तबक तिकडे वळवलं. इतर दिवशी संगणक तबकाला सूर्याच्या वाटेत जाऊच देत नाही. पण धुण्याच्या दिवशी तो पहारा बंद ठेवावा लागतो, आणि तबक हलवायची किल्ली पाळीप्रमुखाच्या खिशात असते.

"डॉक्टर, निदान किल्ली इथं ठेवून जा," ताते म्हणाले, आणि वर, जिथून सूर्य जाणार होता तिथे, बोट दाखवलं.

"तुम्ही आरसे बघा. आकाश माझ्यावर सोडा."

तात्यांचं बोट अजून वरच होतं. पण डॉक्टर पाठ फिरवून गेलेही होते. अकराला त्यांचं व्याख्यान होतं, इथूनच, पडद्यावरून. विषय : कृष्णविवराच्या काठावर नेमकं काय घडतं.

आमची ही दुर्बीण तारे बघत नाही. कृष्णविवरं आणि मेलेले तारे जे किरण फेकतात, ते हवेच्या माथ्यावर आपटले की एक फिकट निळा झटका उठतो. डोळा मिचकावेपर्यंत असे कोटभर झटके होऊन जातील, इतका तो छोटा. आरसे तो गोळा करून समोरच्या कॅमेऱ्यावर टाकतात. कॅमेरा म्हणजे मोटार ठेवायच्या खोलीएवढी पेटी, तबकासमोर लोखंडी हातांवर टांगलेली. इतका अंधुक उजेड जमवणाऱ्या आरशांनी भर दुपारचा सूर्य जमवला तर काय होईल, हे कळायला कुठलीही पदवी लागत नाही. उलट, पदवीची थोडी आडकाठीच होते असं दिसतं.

या वेळी सगळ्यांना घाई होती ती पाहुणीमुळे. पाहुणी हे तात्यांनी ठेवलेलं नाव. एका मेलेल्या ताऱ्याचा गोळा, आकाराने एखाद्या शहराएवढा, वजनाने सूर्याहून भारी. तो एका दांडग्या ताऱ्याभोवती फिरतो आणि दर साडेतीन वर्षांनी त्याच्या अगदी जवळून जातो. तेव्हा काही दिवस किरणांचा नुसता भडका उडतो. तात्यांचं आयुष्य या फेऱ्यांवर मोजलेलं होतं. पहिल्या फेरीला लग्न, दुसरीला मुलगी, चौथीला आई गेली. ही सहावी फेरी नऊ दिवसांवर आली होती. दोन वर्षांनी ते निवृत्त होणार, म्हणजे त्यांच्या वाट्याची ही शेवटची. "सहावी बघतो, मग शेळ्या बघतो," असं ते वर्षभर सगळ्यांना सांगत होते.

बाराला दहा मिनिटं असताना मला करपल्याचा वास आला. आधी वाटलं, स्वयंपाकघरात पाव जळला. मग वर पाहिलं. कॅमेऱ्याच्या झाकणावर ताटाएवढा पांढरा ठिपका बसला होता आणि तिथून धूर निघत होता.

"पोरी, पळ! किल्ली आण!" ताते ओरडले आणि शिडीच्या गाडीवर चढले.

मी नियंत्रणकक्षाकडे धावले. दाराला आतून कडी होती आणि बाहेर 'कृपया शांतता' अशी पाटी. मी दार बडवलं. दार बोटभर उघडलं.

"दोन मिनिटं," डॉक्टर कुजबुजले. "प्रश्नोत्तरं चाललीत."

"डॉक्टर, कॅमेरा पेटलाय!"

"कुणाचा?"

आणि दार लागलं. मी लाथा घातल्या, तेव्हा आतून कुणालातरी सांगितलेलं ऐकू आलं, "क्षमा करा, इथे माकडं फार आहेत."

मागे वळून पाहिलं तर ताते कॅमेऱ्याच्या उंचीवर पोहोचले होते. आरसे धुण्याच्या लांब दांडीला त्यांनी अंगातला कोट बांधला होता. पंधरा वर्षांच्या सेवेबद्दल मिळालेला तोच कोट, पाठीवर दुर्बिणीचं चित्र असलेला. बादलीत बुडवायचा, ठिपक्यावर धरायचा, वाफ निघायची, मग धूर, मग ज्वाळा, की परत बादलीत. दांडी ॲल्युमिनियमची होती. तिसऱ्या खेपेपासून ते अर्वाच्य शिव्या देत होते, त्याही तालात.

प्रश्नोत्तरं सात मिनिटं चालली. शेवटचा प्रश्न फार चांगला होता, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं.

तबक खाली आलं तेव्हा झाकणाला दोन बोटं जातील एवढं भोक होतं आणि आतला चौथा हिस्सा वितळला होता. कोट नसता तर सगळीच पेटी गेली असती. तात्यांच्या दोन्ही तळव्यांची कातडी दांडीलाच राहिली.

शुक्रवारी चौकशी झाली. समितीचे तीन सदस्य पडद्यावर आले. अध्यक्ष प्राध्यापक रूलोफ, त्यांच्या शेजारी एक बाई, आणि तिसरे एक गृहस्थ, ज्यांचा आवाज शेवटपर्यंत बंदच होता; तरी त्यांनी बरंच काही सांगितलं. मी इतिवृत्त लिहीत होते. ताते बँडेज बांधलेले हात मांडीवर ठेवून बसले होते.

"मिस्टर गारीसेब," अध्यक्ष म्हणाले, "दिशेबद्दल तुमची हरकत होती म्हणता. मग लेखी का दिली नाही?"

"सूर्याबद्दल?"

"हो."

"साहेब, मी बोट दाखवलं होतं."

"बोटाची नोंद नाही." त्यांनी कागद उलटला. "डॉक्टर टिलमान यांच्या वहीत मात्र दिशा स्पष्ट लिहिलीय. उत्तर. आणि तबक उत्तरेलाच होतं. म्हणजे नोंद अचूक आहे."

"अचूकच आहे की," ताते म्हणाले. "भोकही अगदी अचूक पडलंय."

बाई खोकल्या. "कॅमेऱ्याजवळ एक ज्वलनशील वस्तू आढळली. एक कोट. परवानगी घेतली होती?"

"कोटाची?"

"कॅमेऱ्याजवळ नेण्याची. आगीचं कारण म्हणून इथे तीच एक वस्तू दिसते."

आगीची ती सात मिनिटं सोडली तर तात्यांचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नव्हता. आता खुर्ची मागे पडली आणि ते थेट पडद्यासमोर जाऊन उभे राहिले.

"आग सूर्यानं लावली! तुमच्या डॉक्टरनं त्याच्यासमोर आरसा धरला, अन् कडी लावून आत बसला! हजारो प्रकाशवर्षं लांबचं सगळं ठाऊक तुम्हाला, अन् डोक्यावरचा ठाऊक नाही? घ्या, हे नोंदवा!" आणि त्यांनी दातांनी बँडेज सोडून दोन्ही तळवे पुढे केले.

"हात जरा मागे घ्या," अध्यक्ष म्हणाले. "फार जवळ आहेत. काही दिसत नाही."

मी इतिवृत्तात लिहिलं : हात दाखवले. संध्याकाळी मंजूर होऊन आलेल्या प्रतीत ती ओळ नव्हती. निष्कर्ष होता : स्थानिक कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा. खाली जोडलेला कागद होता 'स्वेच्छेने' वाला, फक्त सहीपुरती जागा मोकळी. तात्यांनी सही केली नाही. तळव्यांमुळे ती करता येणार नाही, असं ठरवून कार्यालयाने ती केली आहे असं गृहीत धरलं. शनिवारी त्यांच्याकडून फाटकाची किल्ली काढून घेतली.

पाहुणी ठरल्या दिवशी आली आणि गेली. कॅमेरा खोक्यात होता. डॉ. टिलमान तेव्हा घरी पोहोचले होते, जिथे सूर्य दक्षिणेला असतो.

अपील करायला तीस दिवसांची मुदत होती. एकोणतिसाव्या दिवशी ताते माझ्या खोलीच्या पायरीवर येऊन बसले. पेन अजून धरता येत नव्हतं.

"मी सांगतो तसं लिही, पोरी. तुझे विनोद घालू नकोस."

मी घातले नाहीत. त्यांनी सांगितलं तसंच लिहिलं :

'माननीय अध्यक्ष, चौकशी समिती, यांस. विषय : प्रत्यक्ष पाहणीबाबत. महोदय, माझी हरकत लेखी नव्हती हे मला मान्य आहे. ती आता लेखी देत आहे. तरी विनंती की, समितीच्या तिन्ही सदस्यांनी येत्या जूनमध्ये कोणत्याही निरभ्र दिवशी दुपारी बारा वाजता दुर्बिणीपाशी समक्ष उभं राहावं, उत्तरेकडे तोंड करून मान वर करावी, आणि तिथे सूर्य आढळल्यास तशी नोंद इतिवृत्तात घ्यावी. पाच मिनिटं पुरेत. मी फाटकाबाहेर उभा राहीन. कशालाही हात लावणार नाही.'