डाळिंबी रंगाची लडी

आमच्या सासूबाईंच्या राज्यात बाजारातून आलेली प्रत्येक वस्तू आधी अंगणातल्या बादलीत बुचकळ्या खायची आणि मगच उंबरा ओलांडायची. गूळ-साखर तेवढी सुटायची, कारण ती बादलीत गेली की परत यायची नाही. बाकी कुणाची सुटका नव्हती.

लग्न होऊन नाशकात आले त्याला वर्ष होत आलं होतं. माहेर कळवणचं. तिथं दिवसभर माझ्या तोंडाचा पट्टा चालायचा, इथं बोलायला माणूस नाही. आमचे हे कोर्टात कारकून. घरी आले की वर्तमानपत्रात तोंड घालून बसायचे. माझ्या वयाची म्हणावी अशी गल्लीत एकच, बिलकिस. सलाउद्दीन रंगाऱ्याची मुलगी. गल्लीच्या टोकाला त्यांची रंगाची भट्टी होती. ती यायची, पण ओट्याच्या खालच्या पायरीपर्यंतच. मी दारात बसायचे आणि आम्ही मधली हवा ओलांडून बोलायचो. तिच्या आत येण्याचा विषयच आमच्या घरात कुणी काढत नसे.

बिलकिस मिशनच्या शाळेत फुलीचा टाका शिकली होती. एकदा तिनं चौकटीच्या कागदावर काढलेला नमुना दाखवला. दारावर लावायचं तोरण, त्यात समोरासमोर पोपट आणि मधे डाळिंबं. मी तिथल्या तिथं ठरवलं, हे करायचं. खरं सांगायचं तर तोरणापेक्षा मला बिलकिस हवी होती. जाळीच्या कापडाची भोकं मोजायला शिकवायचं तर शेजारी मांडीला मांडी लावूनच बसावं लागतं, पायरीवरून ते व्हायचं नाही.

सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "आधी सामान तर जमव, मग बघू."

आमच्या घरात 'बघू' म्हणजे 'नाही'. मी मात्र सोयीस्करपणे 'हो' समजले आणि कामाला लागले.

यांच्या मागे लागून मेन रोडवरून मॅटीचं, म्हणजे जाळीचं, पांढरं कापड, बोथट टोकाच्या सुया आणि हिरव्या, पिवळ्या, लाल दोऱ्याच्या लड्या आणायला लावल्या. डाळिंबी रंग काही मिळेना. बिलकिसनं घरची पांढरी लडी वडिलांकडून रंगवून आणली. काय रंग होता तो. पिकलेलं डाळिंब नुकतं फोडावं तसा. "वहिनी, आपण म्हाताऱ्या होऊ, पण हा रंग नाही व्हायचा," ती म्हणाली. बढाई मारण्यात ती माझ्या वरताण होती.

रविवारी सामान घेऊन हे दारात आले तर सासूबाई ओट्यावर उभ्याच. "रेशीम का सुती?"

रेशीम जात्याच शुद्ध, त्याला बादली माफ. मी यांना डोळ्यांनी खुणावलं, भुवया उडवल्या, पदर ओढला. पण आमच्या घरात हरिश्चंद्र जन्माला आलेला.

"सुती आहे, आई."

झालं. कापड, लड्या, डाळिंबी लडीसुद्धा, सगळं एकदमच बादलीत गेलं आणि आम्ही जेवायला बसलो. हात धुऊन येऊन पाहते तर कापड रंगपंचमी खेळून आलेलं. पांढऱ्यावर लालभडक ओघळ. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

"तरी मी म्हणतच होते," सासूबाई म्हणाल्या. "त्या रंगाऱ्याच्या पोरीचा कच्चा रंग. आता पायरीवरसुद्धा यायचं कारण नाही तिला."

नेमकी बिलकिस तेव्हा पायरीवर येऊन उभी होती. तिचा चेहरा उतरला, पण मान नाही.

"काकू, मला काय पण बोला. अब्बांच्या रंगाला नका बोलू."

माझं डोकं सणकलं. कुणाला न विचारता मी आतून दोन पितळी वाट्या आणल्या, पाणी भरलं आणि ओट्यावर आदळल्या. एकीत दुकानाचा लाल दोरा टाकला, दुसरीत डाळिंबी. सासूबाई खाली बसल्या आणि स्वतःच्या हातानं दोन्ही चोळू लागल्या. रिठ्याचा फेस लावून चोळलं, पिळलं, पुन्हा बुडवलं. डाळिंबी दोऱ्याकडून तर त्यांना गुन्हा कबूलच करून घ्यायचा होता.

दुकानाच्या वाटीतलं पाणी कुंकवासारखं लाल झालं. डाळिंबीच्या वाटीतलं पाणी होतं तसं राहिलं, तळ लख्ख दिसत होता.

हे छताचे वासे न्याहाळू लागले.

सासूबाईंनी ओला दोरा उजेडात धरून पाहिला. मग यांच्याकडे वळल्या. "रंगनाथ, असला लाल दोरा वापरून पोरींनी जन्माचे डोळे फोडले असते आणि पहिल्याच धुण्यात पोपटांची माती झाली असती. माझी बादली होती म्हणून कळलं."

म्हणजे श्रेय बादलीला. मी ओठ चावला. पण 'पोरींनी' हा शब्द मी ऐकला होता.

"कापड द्या," बिलकिस म्हणाली. "अब्बा सोड्यात उकळून पांढरं करतील. लाल दोरा पण आम्हीच रंगवून आणू."

सासूबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. मग ओसरीतलं तरट त्यांनी झटकलं आणि अंथरलं.

"तिथून काय शिकवणार आहेस हिला? पायरीवरून भोकं दिसतात होय? ये, ओसरीवर बस. स्वयंपाकघराकडे मात्र जायचं नाही."

बिलकिसनं चपला काढल्या. वरच्या पायरीपर्यंत आली आणि थांबली. आधी बादलीकडे पाहिलं, मग सासूबाईंकडे. "काकू, आधी मला पण बुडवणार का?"

सासूबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"बुडवून बघायचं ते कच्च्या रंगाला," त्या म्हणाल्या. "तू ये."

आणि ती आली. मी तरटावर सरकून जागा केली. कापड अजून पांढरं व्हायचं होतं, तेव्हा ओल्या लड्याच सोडवत बसलो. ती दोन्ही हात पुढे धरून बसली, मी दोरा गुंडाळत राहिले. तिचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागत होता. वर्षभर राहूनही मला नाशिक परकंच वाटत होतं, त्या दुपारी मात्र ते फार आवडलं.