रूपलीबाईला हरवणारा खोका

काय हो, तुम्ही विश्वास कुणावर ठेवाल, माणसावर की यंत्रावर? घाईनं यंत्र म्हणू नका. मी यंत्रच आहे, म्हणून सांगतो. नंदुरबारच्या एका मिरची पथारीसमोर, म्हणजे लाल मिरच्या वाळवायच्या मैदानासमोर, धुडकू शेठच्या मोबाइल दुकानात उभा असलेला व्हिडिओ गेमचा खोका बोलतोय मी. गिऱ्हाइकांचं ऐकून ऐकून जीभ सैल झाली आहे, जरा सांभाळून घ्या.

माझा जन्म कारखान्यातला नाही. शेठनं मोबाइलवर व्हिडिओ बघत बघत मला घरीच जोडलं. अंग मोडक्या कपाटाच्या प्लायवूडचं, पडदा बंद पडलेल्या सायबर कॅफेतला, दांड्याची मूठ ट्रॅक्टरच्या गिअरची. बटणांची भोकं मोठी पडली, तर त्यांत सायकलच्या ट्यूबचे तुकडे कोंबले. पहिल्यांदा चालू केलं तेव्हा चित्र उलटं आलं. दोन दिवस डोकं खाजवून शेठनं अखेर पडदाच उलटा ठोकला! मला तेव्हा त्याचं फार कौतुक वाटलं होतं.

खेळ सोपा. वरून दगड पडतात, बटण दाबून ते फोडायचे. गर्दी जमावी म्हणून शेठनं माझ्याशेजारी कोरं शिलाई मशीन ठेवलं आणि पाटी लावली, 'एक लाख गुण करा, मशीन घेऊन जा.' वीस हजारांपुढे कुणी जाणार नाही, अशी त्याची खात्री.

पथारीवर मिरचीचे देठ खुडणारी रूपलीबाई त्यानं हिशेबात धरलीच नव्हती. तोरणमाळकडची, चाळिशीची, कमी बोलणारी. देठ खुडून खुडून बोटं अशी चपळ, की माझ्या बटणांना उसंत नाही. जेवणाच्या सुट्टीत ती खेळून जायची आणि पुढचा गडी बटणांवर राहिलेल्या तिखटानं डोळे चोळत ओरडायचा, "अरे, कोन खेळी ग्यं रे?" सगळं दुकान हसायचं.

तिला हसण्याशी काम नव्हतं. हातांची आग झोपेतही जात नव्हती. "मशीन मिळालं तर घरी बसून झगे शिवीन," ती सोबतीण सिंधुबाईला म्हणाली, "हे देठ तरी सुटतील."

गेल्या बाजाराच्या दिवशी ती अठ्ठ्याण्णव हजारांवर पोचली. लोक मोठ्यानं आकडे म्हणू लागले. शेठ तोंडानं "वा माय, वा!" करत होता आणि त्याचा डावा हात माझ्या पाठीमागे गेला. एक वायर निघाली. बटणं मेली. दगड धडाधड कोसळले. आणि मी काय केलं? शिकवल्याप्रमाणे हरल्याचा बाजा वाजवला. तोही मोठ्यानं.

शेठनं बटणावरून बोट फिरवून हुंगलं, शिंकला. "माय, तुन्हा हातनी मिरची बटनना मझार गई. बटन तुन्हामुयेच बिघडनं."

"शेठना हात मांगे गया व्हता, मी दखं!" सिंधुबाई उसळली.

"इले चष्मा लई द्या रे कोनी!" शेठ म्हणाला. लोक हसले.

रूपलीबाईनं मात्र माझ्याकडे पाहिलं. "मशीन कशाला खोटं बोलेल, सिंधू? त्याला कुणाची भीती?" तिनं पदर ओला केला, माझं एकेक बटण पुसलं आणि शेठला विचारलं, "नुकसान झालं का हो?"

त्या पुसण्यानं जो चटका बसला, तो मिरचीनं कधी बसला नव्हता.

वायर त्याच संध्याकाळी पुन्हा जोडली गेली. शिलाई मशीन प्लास्टिकमध्येच आहे. रूपलीबाई आता दुकानाकडे पाठ करून जेवते. सगळ्यांचे गुण शेठ एका वहीत टिपतो, तिच्यात रूपलीबाईच्या नावापुढे त्यानं लिहिलंय, 'बटण बिघडवले.'

मला हात नाहीत, तुम्हाला आहेत. माझ्या पाठीची फळी चार स्क्रूंवर आहे. उघडा, वायरीचा ताजा टाका बघा आणि मग वही घ्या. हिशेब खरा ठेवा, एवढंच मागणं. लिहा, 'रूपलीबाई, अठ्ठ्याण्णव हजार सहाशे चाळीस. वायर शेठनं उपटली.' आणि खाली माझंही नाव घाला. बाजा मी वाजवला होता.