खडवलीतलं कलम

रंभाबाईंनी फावड्याने वरची काळी माती एका बाजूला ओढली आणि खालची मुरमाड दुसऱ्या बाजूला.

"दोन ढीग कशाला, आज्जी?" नात सान्वी खड्ड्यात वाकून बघत होती.

"वरची माती कसदार. ती आधी, मुळांजवळ. खालची मागाहून."

"पण एवढुशा झाडाला एवढा खड्डा? स्विमिंग पूल आहे का?"

"आणि एवढुशी तू रात्री अख्खी कॉट घेतेस, मला भिंतीला चिकटवतेस, ते?"

सान्वी खिदळली.

खडवलीचं हे दोन खोल्यांचं घर रंभाबाई आणि सीतारामांनी म्हातारपणी राहायला बांधलं होतं. सीताराम गेल्यावर त्यांनी ते मुलाच्या, राजरत्नच्या, नावावर करून दिलं आणि त्याच्या आणि सून प्रियांकाच्या वर्तकनगरच्या फ्लॅटवर गेल्या. दिवाळीनंतर इथे कायमचं राहायला पाठवतो, असं राजरत्ननेच कबूल केलं होतं. म्हणून तर आंब्याचं कलम आणलं होतं.

"ही गाठ बघ. इथे कलमाचा जोड आहे. हा मातीच्या वर राहिला पाहिजे. लोक लाडाने खोल पुरतात, मग बुंधा कुजतो."

कलमाची पिशवी कापायला त्यांनी विळा उचलला, तेवढ्यात राजरत्न फोन खिशात टाकत आला.

"आई, पिशवी नको काढूस. तशीच ठेव मातीत."

"पिशवीत मुळं गोल गोल फिरतात, पप्पा," सान्वी म्हणाली. "आज्जीने सांगितलंय."

"अगं, उद्या हलवायला सोपं पडेल."

"कुठे हलवायचंय?" रंभाबाईंनी विचारलं.



"इथे त्या अंकलची गाडी लागणार ना, पप्पा? गेल्या रविवारी आपण आलेलो, तेव्हा टेपने मोजत होते ते."

"सान्वी, आत जा तू."

सान्वी हलली नाही.

"मी सांगणारच होतो, आई. घराला चांगलं गिऱ्हाईक आलेलं. तू इथे एकटी, डॉक्टर लांब. प्रियांका पण म्हणते, आई आपल्याकडेच बऱ्या. सान्वीला शाळेतून आणायला पण कोणीतरी..."

रंभाबाईंनी पिशवी वरपासून खालपर्यंत फाडली. तळाशी गुंडाळलेली मुळं बोटांनी सावकाश सोडवली. कलम खड्ड्यात ठेवलं.

"धर," त्या मुलाला म्हणाल्या.

"आई, आता कशाला..."

"एकाने धरावं लागतं."

पँट वर ओढून तो उकिडवा बसला आणि दोन बोटांत बुंधा धरला. रंभाबाई ओंजळीने माती लोटत होत्या, आत पोकळी राहू नये म्हणून तळहाताने दाबत होत्या.

"शब्द दिलास त्यांना?"

"हो."

"घर कधी सोडायचं?"

"महिनाअखेरीला."

त्यांनी आणखी एक ओंजळ टाकली.

"वाकडं होतंय," त्या म्हणाल्या. "नीट धर."