खाली ऊब असते म्हणे

मित्रांनो, नाकं मुरडू नका. मी एक जुनी मधपेटी आहे. माझी एक फळी फुगलीये, झाकण नीट बसत नाही आणि अंगाला धुराचा वास येतो. तरी तुमच्यातल्या कुणापेक्षाही डोंगर मी जास्त बघितलाय, तोही दुसऱ्याच्या पाठीवर बसून.

एका सुताराने मला मोडक्या खोक्यांच्या फळ्यांतून बनवलं. "दोन वर्षं टिकली तरी पुष्कळ," असं माझ्या तोंडावर म्हणाला. त्याचं दुकान कधीच बंद झालं. मी आहे अजून.

मला घरी नेलं ते डोंगऱ्याने. त्याचं खरं नाव त्याच्या बायकोलासुद्धा आठवून सांगावं लागायचं. पेटी पाठीला बांधायची आणि सरसर वर चढायचं, म्हणून सगळे त्याला डोंगऱ्या म्हणायचे. ते नाव ऐकलं की तो गालातल्या गालात हसायचा.

चढायचं कशाला, तर फुलांच्या मागे. अख्ख्या डोंगरावर एकच हवा असते असं ज्याला वाटतं, त्याने एकदा माझ्यासारखं पाठीवर लटकून वर जावं. पायथ्याची झाडं फुलून मोकळी होतात, तेव्हा मधल्या रानात नुसत्या कळ्या असतात आणि माथ्यावरची झाडं अजून झोपलेली असतात. उन्हाळा चढेल तशी फुलं वर वर जातात. उन्हाकडच्या बाजूला पाचोळा कुरकुर वाजतो, आणि जरा वळसा घालून मागे गेलं की शेवाळ, ओल, अंधार. माथ्यावर वारा कान उपटतो. पण दाट झाडीत शिरलं की त्याच वाऱ्याला आत यायला वाट मिळत नाही.

थंडी आली की आम्ही मधल्या टप्प्यावर मुक्काम करायचो. मागे दाट झाडी, पुढे सकाळचं पहिलं ऊन. वसंतात माझ्या माश्या अशा धडाक्यात बाहेर पडायच्या की येणारे जाणारे थांबून म्हणायचे, "डोंगऱ्या, पेटी लाभली बघ तुला." मी फुगायचे. फळी तेव्हाच फुगली असेल.

मग डोंगऱ्याचा गुडघा गेला. त्याने ते कुणालाच सांगितलं नाही. थंडीच्या तोंडावर त्याने मला आणि त्याच्याकडच्या दुसऱ्या पेटीला सरळ घरामागच्या खोलगट जागेत आणून ठेवलं.

"यंदा इथेच राहू देत," तो म्हणाला. "वर थंडी, खाली ऊब. साधी गोष्ट आहे."

बायको कपडे वाळत घालत होती. "ऊब? इथे सकाळी कपडे पत्र्यासारखे ताठ होतात. वर झालेले बघितलेत कधी?"

"कपडे वेगळे, माश्या वेगळ्या."

"गुडघा दुखतो म्हणा ना. माश्यांचं नाव कशाला पुढे करता?"

तो तरातरा निघाला आणि अंगणाच्या पायरीवरच भिंत धरून उभा राहिला. ती बघत होती, म्हणून त्याने भिंतीचा पोपडा काढायला आल्यासारखं केलं.

मला राग येतो तो त्या 'खाली ऊब'चाच. थंड हवा जड असते, मित्रांनो. रात्री ती उतारावरून पाण्यासारखी घरंगळत खाली येते आणि खोलगट जागेत साचते. वरून धुकं झाकणासारखं बसतं. माथा गार असतो, तळही गार असतो, आणि मधला टप्पा त्या दोघांपेक्षा बरा असतो. हे माझ्या फळ्यांना कळत होतं, पण फळ्यांना कोण विचारतं?

आत माश्या राणीला मधोमध घेऊन गोळा होऊन बसल्या. अंग थरथरवून ऊब करायची, बाहेरच्यांनी आत यायचं, आतल्यांनी बाहेर जायचं. पण ऊन आमच्यापर्यंत पोचायला दुपार व्हायची, आणि गोळा रोज लहान होत होता. बाहेरच्या बाहेरच राहिल्या आणि टपटप खाली पडल्या.

डोंगऱ्या रोज सकाळी बायकोच्या आधी यायचा. माझ्या दाराशी पडलेल्या मेलेल्या माश्या गोळा करून खिशात टाकायचा. तिला दिसू नयेत म्हणून. मला ओरडावंसं वाटायचं, अरे, खिसा काय भरतोस, मला उचल.

एकदा त्याने शेजारच्या पेटीला कान लावला. बराच वेळ लावला. मग बोटाने वाजवलं आणि पुन्हा कान लावला. आतून काही आलं नाही. तो तिथेच गार मातीत बसला. बायको आली तेव्हा त्याने खिसा तिच्या ओंजळीत उलटा केला.

"मला आता चढवत नाही," तो म्हणाला. "तुझ्या भावाला बोलाव."

मेहुणा आला. त्याची जीभ काही गप्प बसत नाही. "काय भावजी, डोंगऱ्याचे पायथ्या झालात?"

"झालो," डोंगऱ्या म्हणाला. "पेटी हलवू नकोस. हळू चाल. राणी आत आहे."

मेहुण्याने माझं दार गवताने बंद केलं, मला पाठीला बांधलं आणि चालू लागला. बायको मागून. डोंगऱ्या खाली धुक्यात दगडावर बसून राहिला, मला तो लगेचच दिसेनासा झाला.

वर धुकं फाटलं. मधल्या टप्प्यावर लख्ख ऊन होतं. गवत काढलं, तरी काहीच हललं नाही. बायको माझ्यासमोर उकिडवी बसून राहिली. फळ्या तापल्या. मग एक माशी धडपडत दाराशी आली. मग आणखी काही. माश्या पेटीत घाण करत नाहीत, ऊन पडेपर्यंत दाबून धरतात. त्यांनी मेहुण्याच्या स्वच्छ सदऱ्यावर पिवळे ठिपके उडवले.

"आता हा धुणार कोण?" तो म्हणाला.

बायको कड्याशी गेली आणि खालच्या पांढऱ्या धुक्यात हाक मारली, "अहो, आहेत."

खालून उत्तर यायला वेळ लागला. आलं तेव्हा शब्द काही कळले नाहीत.

ओंजळभर माश्या उरल्यात. वसंतापर्यंत पुरतील की नाही, मला माहीत नाही. पण मित्रांनो, कुणा जिवाला कुठे ठेवायचं असेल तर आधी तिथे भल्या सकाळी स्वतः अनवाणी उभे राहून बघा. आणि कुणाचा गुडघा गेला असेल तर त्याला हसू नका. हसलात तर तो सांगणार नाही, आणि भोगेल दुसरंच कुणीतरी.