मास्तरांचा अंगठा

"त्या तळ्यातले मासे नुसतं मेलेलं कातडं खात नाहीत गं, ते माणसाचं जे जे जुनं असतं ना…" हॉटेलातली टॉवेलवाली आपल्या जोडीदारणीला सांगत होती, आणि नेमका तेव्हाच रसाच्या काउंटरवरचा मिक्सर घरघरायला लागला. खांबाआड रिकामा पेला घेऊन उभ्या असलेल्या चौकशीमावशीनं जिवाचा कान केला, पण मिक्सर थांबेपर्यंत त्या दोघी टॉवेलांची गाडी ढकलत पार पोहण्याच्या तलावापलीकडे गेल्या होत्या.

मावशीला हे नाव तिच्या बिल्डिंगनं दिलं होतं, अर्थात पाठीमागे. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून थोडं आवडायचंही. कुणाच्या दाराशी कुणाच्या चपला, कुणाची मुलगी कुणाशी बोलत नाही, हे तिला बसल्या जागी कळायचं आणि कुणाकडे आजारपण निघालं की डबा घेऊन पहिली धावायचीही तीच. अर्धवट ऐकलेली गोष्ट मात्र तिला दातात अडकलेल्या धाग्यासारखी छळायची. आणि आज तर गोष्ट त्याच तळ्याची होती, ज्यात काल मास्तरांनी पाय सोडले होते.

मास्तर म्हणजे तिचा नवरा. बाजाराच्या कोपऱ्यावर त्यांचं शिवणकामाचं दुकान. लग्नाच्या वाढदिवसाला मुलानं आणि सुनेनं या बेटावरची सहल हातात ठेवली, म्हणून दुकानाला कुलूप लागलं. सकाळी समुद्रकाठी लोळायचं, दुपारी बसनं बेटाच्या आतल्या भागात हिंडून यायचं, असा सगळा थाट. मावशीला बेट आवडलं होतं, पण माणसं सोसवत नव्हती. तेल चोपडलेली लालबुंद अंगं वाळत घातल्यासारखी आडवी पडलेली, तलावाच्या पाण्यावर तरंगणारी कुणाच्या तरी जखमेवरची पट्टी, आणि नाश्त्याला ओल्या चड्डीनं खुर्चीत बसून उठलेल्या माणसाचा मागे राहिलेला ओला गोल डाग. त्या खुर्चीत बसायची वेळ आली की ती आधी रुमाल अंथरायची.

पण तळ्यापुढे ते सगळं काहीच नव्हतं. काल बस धबधबा दाखवून, डोंगरावरून समुद्र दाखवून शेवटी तिथं थांबली. दगडी काठ, शेवाळ, निवलेल्या चहासारखं पाणी आणि त्यावर तशीच पातळ साय. काठावर पाय सोडून माणसं गुदगुल्या झाल्यासारखी खिदळत होती आणि त्यांच्या टाचांना राखाडी मासे खपल्यांसारखे लोंबत होते. मावशीनं पदर नाकाला लावला. गाईड म्हणाला, पाय सोडा, नव्यासारखे होतात. ती म्हणाली, माझे जुनेच बरेत. मग मास्तरही नको म्हणायला लागले, तेव्हा तीच त्यांना म्हणाली होती, "अहो, पॅकेजमध्ये धरलंय ते. वाया कशाला घालवायचं?"

त्यांनी पाय सोडले. मग गंमत म्हणून हातही घातला. उजव्या हाताच्या अंगठ्यावर कात्रीनं पाडलेला घट्टा होता, शिंगाच्या बटणासारखा टणक आणि पिवळट, आणि सगळे मासे पाय सोडून त्या घट्ट्याला जाऊन लुचले.

त्या अंगठ्याची मावशीला सवय होती. फार वर्षांपूर्वी दुकानातल्या माळ्यावरून कापड काढताना ती शिडीवरून पडली आणि तिचा डावा घोटा कायमचा दुखरा झाला. तेव्हापासून रोज अंथरुणावर पडलं की ती पाय पुढे सरकवायची आणि मास्तर काही न बोलता त्या खरखरीत अंगठ्यानं हाडाभोवती दोन वेढे घ्यायचे, मग हाडाखाली नेमकं दाबायचे. त्या घरात प्रेमाचं बोलणं कुणी कधी केलं नव्हतं. जे काय होतं ते त्या अंगठ्यात होतं.

काल रात्री तिनं पाय सरकवला तेव्हा घोट्यावर जे टेकलं, ते सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखं होतं. गुळगुळीत, किंचित दमट. ते इकडून तिकडे घसरत राहिलं आणि दुखरी जागा काही त्याला सापडेना.

"अहो, घट्टा कुठं गेला?"

"कसला घट्टा?" मास्तरांनी विचारलं, आणि खरंच आठवत नसल्यासारखं तिच्याकडे पाहिलं.

म्हणूनच आज ते अर्धं वाक्य ऐकल्यावर तिनं रिकामा पेला तिथंच ठेवला. ती टॉवेलवालीला शोधत फिरली. ती धुलाईच्या खोलीमागे दोरीवर चादरी टाकताना सापडली. आधी ती काही नाहीच म्हणाली, मग मावशीनं तिच्या मुलाबाळांची चौकशी केली, चादरीचं दुसरं टोक धरलं, तेव्हा हळूच म्हणाली, "तुम्ही सोडले का पाय?"

"मी नाही. आमच्या मास्तरांनी."

टॉवेलवालीनं चादरीची सुरकुती ओढून सरळ केली. "खाऊन टाकतात म्हणे. जुनं असतं ते सगळं. मग परत मिळत नाही. आता खरं-खोटं मला काय माहीत, मावशी, मी तर त्या बाजूला जात पण नाही."

त्यानंतर मास्तर रोजच बसनं तळ्यावर जायला लागले. मावशीनं अडवलं की म्हणायचे, अंग कसं हलकं वाटतं. मनगटावरचा इस्त्रीचा डाग गेला, कपाळाच्या आठ्या गेल्या. त्यांच्या अंगाला खडूचा आणि गरम कापडाचा वास यायचा, तो गेला आणि त्या जागी फुलदाणीत दिवसेंदिवस साचलेल्या पाण्याचा वास यायला लागला. मावशी उशी तोंडावर घेऊन पडायची. ब्लाउजची शिवण उसवली म्हणून तिनं सुई-दोरा आणि छोटी कात्री पुढे केली, तर त्यांनी ती कात्री मेलेलं झुरळ धरावं तशी दोन बोटांत धरली आणि म्हणाले, खाली काउंटरवर सांगू, करून देतील. एकदा तिनं आंघोळीचा टॉवेल हातात दिला तर म्हणाले, "थँक यू."

इतक्या वर्षांच्या संसारात हा शब्द त्यांच्या तोंडून तिनं पहिल्यांदा ऐकला. ती न्हाणीघरात गेली, नळ सोडला आणि ओकली.

शेवटच्या दिवसापर्यंत तिला एकच घोर लागला होता, की हा माणूस घरी न्यायचा कसा. आणि त्याहून वाईट म्हणजे, कुणाला काही कळणारही नाही. बिल्डिंगमधल्या बायका म्हणतील, मास्तर किती तरुण दिसायला लागले, कुठली क्रीम लावता? सून कौतुक करील. आणि ती रोज त्या दमट, गुळगुळीत अंगाशेजारी पाय आखडून पडेल.

शेवटच्या दुपारी बसमध्ये ती त्यांच्या शेजारी जाऊन बसली. तळ्यावर मास्तरांनी सवयीनं पाय सोडले, पण मासे आले नाहीत. जवळ येऊन हुंगल्यासारखं करायचे आणि वळायचे. मास्तर थोडा वेळ बसले, मग हिरमुसून पाय पुसले आणि बसकडे गेले.

मावशी एकटीच काठावर राहिली. पाण्यावरची साय बघूनच तिच्या तोंडाला पाणी सुटत होतं, ओकारीआधी सुटतं तसं. पण गोष्ट अर्धीच घेऊन घरी जाणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिनं चप्पल काढली, साडी वर धरली आणि डावा पाय पाण्यात सोडला.

पाणी कोमट होतं. बारके मासे धावून आले, बोटांच्या बेचक्यांत तोंडं खुपसून चोखायला लागले, आणि तिनं दातांवर दात दाबून धरले. मग ते सगळे एकदम बाजूला झाले. खालच्या गाळातून एक जाड, राखाडी मासा वर आला. त्याच्या ओठावर शिंगाच्या बटणाएवढं काहीतरी पिवळट, टणक वाढलं होतं. तो घोट्याशी थांबला. त्या खरखरीत ओठानं त्यानं हाडाभोवती दोन वेढे घेतले आणि मग हाडाखाली, जिथं दुखत होतं नेमकं तिथं, दाबलं.

मासे जुनं घेतात हे खरं होतं. खाऊन टाकतात हे मात्र खोटं होतं.

बसचा हॉर्न वाजला. मागून तिच्या खांद्यावर एक मऊ, दमट हात पडला आणि कुणीतरी अदबीनं म्हणालं, "येताय ना तुम्ही? सगळे थांबलेत."

तिनं मागे पाहिलं नाही. पाण्यातला पाय तिनं, रोजच्यासारखा, थोडा पुढे सरकवला.