आत बसवलेली वहिनी

विट्याजवळच्या एका गावात, बिरोबाचे पुजारी आकारामआबा यांच्या घरी त्यांच्या लेकीची, सोनियाची हळद होती. मांडव बायकांनी भरला होता, आणि घरोघरी होतं तेच इथंही झालं! आबांची बहीण मनुबाई हळदीची वाटी घेऊन आली आणि थोरल्या सुनेवर, रेश्मावर खेकसली, "तू आत जा बघू. हे सवाष्णींचं काम हाय."

रेश्मा आत गेली. तिचा नवरा सोनं गाळायच्या धंद्यात परमुलखात असताना वारला होता. आई गेल्यावर सोनियाची वेणीफणी, दुखणीखुपणी, विश्रामबागच्या कॉलेजातला प्रवेश, सगळं या वहिनीनंच पाहिलं. पण हळदीला तिचा हात चालेना! काय म्हणावं या रीतीला?

आबांना वाईट वाटलं. पण भावकीशी वाकडं कोण घेणार, म्हणून त्यांनी नजर दुसरीकडं वळवली.

पाटावरच्या सोनियानं मात्र वाटीवर हात ठेवला. "थांबा आत्या. आबा, इतिहासातली एक गोष्ट ऐका. फ्रान्समधी एक बडा सरदार हुता. बायको वारली, तसा त्यानं वाडा-जमीन भावाला दिली आन् पाद्री झाला. पुढं बिशप, म्हंजी पाद्र्यांचा मुख्य, झाला. लगीन लावायला लोक त्यालाच बोलवायचे."

"लय भला माणूस!" आबा मनापासून बोलले. "दुःखात देव धरला त्यानं."

"पण बायको मेलेली की त्याची. नवरा-नवरीला अपशकुन न्हाई झाला?"

"ह्यॅ! बाप्याला कसला आलाय अपशकुन?"

बोलून गेले आणि आबांनी जीभ चावली.

"तुमचंबी तसंच की आबा," सोनियाचा आवाज चढला. "आई गेली, तरी गावातली नवी जोडपी तुमच्याच हातनं भंडारा लावून घेत्यात. तुमाला कवा कोण म्हणलं, आत जा? मग वैनीनं काय पाप केलंय?"

"अगं, रीत हाय ती!" मनुबाई ओरडली.

"मने, गप!" आबा ताडकन उठले. त्यांना स्वतःचाच संताप आला होता. इतकी वर्षं देवाची पूजा केली आणि घरातला अन्याय दिसला नाही! ते स्वयंपाकघराच्या दारात गेले. "पोरी, भाईर ये."

"नगं आबा," रेश्मा रडत म्हणाली. "उद्या सोनूच्या संसारात काय इपरीत झालं, तर माझ्यावर येईल."

"माझ्यावर येऊ दे! चल."

रेश्मानं सोनियाला पहिली हळद लावली. मनुबाई तोंड फुगवून बाजूला झाली. तेवढ्यात मांडवाच्या कडेला उभी असलेली शेजारच्या ज्ञानूची विधवा आई हळूच म्हणाली, "मीबी लावू का गं?"

मंडळी, जोडीदार गेल्यावर बाप्याला मान आणि बाईला कोपरा, ही देवाची रीत नव्हे. आपण घातलेली आहे, आपणच मोडली पाहिजे! पुढच्या हळदीला तुमच्या घरात आत कोण बसलंय ते बघा, आणि आधी तिला बाहेर बोलवा.