जाम झालेला पिस्टन

नर्सबाईची मोटारसायकल घरापुढच्या वळणावर घसरली तेव्हा सगळ्यांनी दोष तिच्या वयाला दिला. पन्नाशीला टेकलेल्या बाईने दोन चाकांवर हिंडायचंच कशाला, असं तिचा थोरला भाऊ दवाखान्यातच म्हणाला. गुडघ्याला प्लास्टर होतं म्हणून ती ऐकून घेत राहिली. नवरा गेल्यापासून ती भाऊ-वहिनीकडेच राहत होती. प्लास्टर निघालं तेव्हा गाडीची किल्ली भावाच्या खिशात गेलेली होती आणि गिऱ्हाईकही ठरलं होतं. ते रविवारी येणार होतं.

लंगडत ती अंगणात गेली. गाडी ढकलून पाहिली, तर मागचं चाक फिरत होतं, पुढचं न फिरता नुसतं फरफटत होतं. तेव्हा तिला आठवलं की पडायच्या आधी गाडी कोणीतरी मागे ओढल्यासारखी चालत होती आणि वळणावर ब्रेकला बोटही न लावता पुढचं चाक अडकलं होतं. म्हणजे ब्रेकच पकडून बसला होता.

तिने कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला बोलावलं. त्याने वाकून पाहिलं आणि डिस्कला पकडणारा कॅलिपर आतून जाम झालाय, त्यातला पिस्टन आता निघायचा नाही, गाडी विकलेलीच बरी, असं जमिनीकडे बघत सांगितलं. इतकी वर्षं हा माणूस तिच्याशी डोळ्यांत बघून बोलत आला होता.

"दादाने सांगितलं ना तुम्हाला असं बोलायला?"

तो कान खाजवत राहिला. मग म्हणाला, "तुमच्या घरातलं भांडण, बाई. मी कशाला मध्ये पडू?"

"नका पडू. नव्या रबरी सील, ब्रेकचे पॅड आणि ब्रेक ऑइल तेवढं द्या. बाकी माझं मी बघते."

सामान त्याने दिलं. कसं करायचं तेही जाता जाता सांगून गेला. भावाला शब्द दिला होता तो गाडीला हात न लावण्याचा, तोंड बंद ठेवण्याचा नव्हे.

शनिवारी सकाळी भाऊ कामावर जाताच तिने बाही वर केली. कॅलिपरचे दोन बोल्ट काढून तो डिस्कवरून सोडवला, झिजलेले पॅड काढले. आत शेजारीशेजारी दोन पिस्टन होते. हँडलवरची लिव्हर दाबली की ऑइलच्या जोराने दोन्ही बाहेर सरकायला हवेत. एक सरकला. दुसरा ढिम्म.

पक्कड लावून ओढायचा मोह झाला, पण पिस्टनवर ओरखडा पडला की सील गळणार, हे गॅरेजवाल्याने बजावलं होतं. म्हणून तिने सुटलेल्या पिस्टनपुढे लाकडाचा तुकडा ठेवून तो शिकंज्याने आवळला. आता सगळा जोर अडेलतट्टू पिस्टनवरच येणार होता. पण एकीने कॅलिपर धरायचा आणि लिव्हरही दाबायची, हे एकटीला जमेना.

वहिनी केव्हापासून दारात उभी होती. या घरात नवऱ्याच्या शब्दाबाहेर तिने आजवर पाऊल टाकलं नव्हतं. तिने हातातलं भांडं पायरीवर ठेवलं आणि येऊन लिव्हर धरली.

"दादा चिडेल," नर्सबाई म्हणाली.

"चिडू देत. किती दाबू?"

लिव्हर दगडासारखी कडक झाली, पण पिस्टन हलेना. दोघींनी गंज सोडवायचं तेल कडेने सोडलं, वाट पाहिली, कॅलिपर गरम पाण्यात बुडवून ठेवला, लाकडी हातोडीने चहूबाजूंनी ठोकला आणि पुन्हा दाबला. दुपार झाली. वहिनीची बोटं लाल झाली. तू आता सोड, असं नणंदेने म्हटल्यावर तिने उलट पाय रोवले आणि दोन्ही हातांनी लिव्हर आवळली. आत कुठेतरी कट्ट झालं. केसभर हलला. मग आणखी थोडा. आणि मग पिस्टन सटकन् चिंधीत येऊन पडला. मागून तपकिरी, घाण ऑइलची चिळकांडी उडाली ती थेट भावाच्या नव्याने रंगवलेल्या बाकावर. पुसेपर्यंत रंग सुटला होता. वहिनी इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

गंज काठावरच होता, खालचा भाग गुळगुळीत होता. दुसराही पिस्टन काढून त्यांनी आतल्या खाचा लाकडी काडीने साफ केल्या, नव्या सील ऑइलमध्ये भिजवून बसवल्या. पिस्टन अंगठ्यांनी दाबताच आत गेले. नवे पॅड घातले, नळीतली हवा काढली. चाक उचलून फिरवलं तर ते फिरतच राहिलं. लिव्हर दाबली, जागच्या जागी थांबलं.

रविवारी गिऱ्हाईकाच्या आधी भाऊ अंगणात आला. तिने त्याच्यादेखत चाक फिरवून आणि थांबवून दाखवलं.

"आता सांग, मी वयाने पडले की पिस्टनने?"

"पुन्हा पडलीस तर?"

"तर पडेन. गाडी माझी आहे, गुडघाही माझाच आहे. किल्ली दे."

भावाने खिशावर हात ठेवला. दिली नाही. तिने वाद घातला नाही. स्टँड काढला आणि गाडी ढकलत फाटकाबाहेर नेली. नवी किल्ली करून देणाऱ्या कुलूपवाल्याचं दुकान तीन गल्ल्या पलीकडे होतं. गुडघा ठणकत होता, शेजारी खिडक्यांतून बघत होते आणि ती कोणाचीही नजर न चुकवता चालत होती. अर्ध्या वाटेत मागून पावलं आली. भाऊ होता. त्याने गाडीला मागून हात लावला, थोडं अंतर ढकललीही, मग किल्ली सीटवर ठेवून परत फिरला. पुढे बरेच दिवस तो तिच्याशी बोलला नाही.

तिने तिथेच गाडी सुरू केली. तिकडे घरी गिऱ्हाईक दारात ताटकळत होतं, त्याला वहिनीने सांगितलं की गाडी विकायची नाही. कोणी ठरवलं, असं त्याने विचारलं. "आम्ही," वहिनी म्हणाली आणि दार लावून घेतलं.